शीट नंबर ५४ जी/११

बाबा गेल्यानंतर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर विकायचं ठरलं तेव्हा आम्ही तिघं भावंडं तीन दिवस तिथेच मुक्कामाला होतो, भांडी एकीकडे, कागदपत्रं एकीकडे, आईच्या साड्या एकीकडे, आणि ज्याला जे हवं ते त्याने आधीच बोलून टाकायचं असं ठरलेलं, म्हणजे नंतर कुणाच्या मनात काही राहायला नको. मी नकाशा मागितला. दादा म्हणाला, "अगं एवढंच?" मी म्हटलं हो, एवढंच, पण तो पूर्ण माझा, कुणाला चार दिवसांसाठी बघायलासुद्धा देणार नाही. असं का म्हटलं ते पुढे येईलच.

नकाशा मध्य प्रदेशातल्या शिवपुरीचा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी शीट, एक इंचाला एक मैल या स्केलची, आणि कापडावर चिकटवलेली. पण अख्खी चिकटवलेली नाही, आधी तिचे आठ तुकडे केलेत आणि दोन तुकड्यांमध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट सोडून मग चिकटवलेत. त्यामुळे घडी घालताना कागद दुमडत नाही, फक्त फटीतलं कापड दुमडतं. जंगलात फिरणाऱ्या लोकांसाठी नकाशे असेच बनवायचे, दिवसातून वीस वेळा उघडबंद झाला तरी कागद टिकायला हवा. आमच्या आजोबांकडे तो नक्की कधी आला ते बाबांनाही सांगता यायचं नाही. आजोबा ग्वाल्हेर रियासतीच्या पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, त्याच्याही आधी अगदी कोवळ्या वयात, सतरा-अठराचे असतील, शिवपुरीला मोजणीच्या पार्टीत साखळी धरायला होते. तिथल्या सख्यासागर तळ्याचं धरण तेव्हा बांधलं जात होतं, १९१८ साली ते झालं.

मला आजोबा आठवतात ते रविवारी दुपारी. जेवण झालं की सतरंजी झटकायची, नकाशा उघडायचा, चार कोपऱ्यांवर चार वजनं, त्यातली दोन आजीच्या तराजूची, आणि आम्ही मुलांनी हात धुऊन यायचं. नकाशावर बोट टेकवायचं नाही, गवताची काडी वापरायची. घडी घालायची पण पद्धत होती. आधी उभी मधली, मग आडव्या, आणि उलटी घडी घातली तर आजोबा काही न बोलता परत उघडून हातात द्यायचे. "त्याची घडी त्याला माहीत असते, तू फक्त हात लाव," असं म्हणायचे.

नंबर वाचायला त्यांनी मला आठव्या वर्षी शिकवलं, अंगणातल्या फरशीवर खडूने. चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन, त्यातला ५४ नंबरचा म्हणजे २४ ते २८ अक्षांश आणि ७६ ते ८० रेखांश. त्याचे सोळा तुकडे करायचे एक-एक अंशाचे, ए पासून पी पर्यंत, आणि अक्षरं आडवी लिहायची नाहीत, वरून खाली उतरायचं, मग पुढच्या रांगेत परत वरून खाली. शिवपुरी येते जी मध्ये. मग त्या जी चे परत सोळा, पंधरा-पंधरा मिनिटांचे, तसेच वरून खाली, त्यातला अकरावा म्हणजे आपला. ग्वाल्हेर शहर ५४ जे मध्ये आहे, आणि जी चा वरचा उजवा कोपरा आणि जे चा खालचा डावा कोपरा एकमेकांना बरोब्बर टेकतात. हे मला इतकं आवडलं होतं की शाळेत मी सगळ्यांना सांगत सुटले होते, आमचं घर आणि शिवपुरीचं जंगल कोपऱ्याला कोपरा लावून आहेत म्हणून.

अंतर मोजायला आजीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा. रस्ता जसा वळेल तसा दोरा ओला करून त्याच्यावर बसवत जायचं, ओला दोरा कागदाला जरा धरून राहतो, मग उचलून खालच्या स्केलपट्टीवर सरळ करायचा. मी आग्रा-मुंबई रोड असा मोजला आहे, झाशीकडे जाणारा रस्ता मोजला आहे, एकदा एक नाला उगमापासून मोजला होता आणि अर्ध्यात दोरा संपला तर आजोबांनी दुसऱ्या दोऱ्याची गाठ मारून दिली आणि गाठीची लांबी वजा करायला लावली.

आता त्या कोपऱ्याबद्दल. शीटच्या खालच्या बाजूला सर्व्हे कुठल्या सालचा आणि छपाई कुठल्या सालची ते लिहिलेलं असतं, आमच्या शीटवर तो तुकडाच नाही. बाबांनी फार वर्षांपूर्वी एका ऑफिसला कामासाठी म्हणून नकाशा दिला होता, आठ दिवसांचे पाच महिने झाले, आणि परत आला तेव्हा खालचा कोपरा फाटलेला, वर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ. कुणी सॉरी म्हणायलाही आलं नाही. बाबांनी त्या दिवशी रात्री जेवण केलं नाही, आणि आजोबा तेव्हा नव्हते हेच बरं असं आई सारखी म्हणत राहिली. मला अजूनही त्याचा राग येतो, खरंच येतो.

पण साल गेल्यामुळे एक झालं, मला नकाशा नीट वाचावा लागला. तळं आहे, म्हणजे १९१८ नंतरचा. गावाचं नाव शिवपुरी छापलंय, सिप्री नाही, इंग्रजांच्या जुन्या कागदांत सगळीकडे सिप्री असायचं. ग्वाल्हेरहून येणारी छोटी लाईन आहे, रियासतीची नॅरोगेज, दोन फुटी, तिच्या रुळांची काळी रेघ गावापर्यंत येऊन थांबते (आता ती लाईन नाही, ब्रॉडगेज दुसरीकडून आली). उंची फुटांत, अंतर मैलांत. आणि माधव नॅशनल पार्कची हद्द कुठेच नाही, ती पन्नाशीच्या दशकात आली. म्हणजे मधल्या तीस-पस्तीस वर्षांतला कधीतरी. साल छापलेलं असतं तर मी ते वाचलं असतं आणि पुढे गेले असते, रेल्वेची रेघ इतक्या वेळा भिंगातून बघितली नसती.

जंगल हिरवं आहे, सपाट हिरवा वॉश, त्याच्यावर तपकिरी कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, पन्नास-पन्नास फुटांवर एक. शेती पिवळी, पाणी निळं, कोरडे नाले काळे. हिरव्यावर बारीक अक्षरात मिश्र जंगल असं इंग्रजीत लिहिलंय बस. तिथे गेल्यावर त्या हिरव्यात काय काय आहे ते कळतं, आणि वर्षातले सात-आठ महिने ते हिरवं नसतंच मुळी, राखाडी असतं. करधई, खैर, सालई, पळस, तेंदू. करधईचं झाड उन्हाळ्यात बघितलं तर वाळून गेलं असं वाटतं आणि हवेत नुसता ओलावा आला, पाऊस अजून पडलाही नाही, तरी हिरवं व्हायला लागतं. तात्या टोपे शेवटी पाडोनच्या जंगलात पकडले गेले, फितुरीने, आणि १८ एप्रिल १८५९ ला याच शीटवरच्या शिवपुरीत त्यांना फाशी दिली. एप्रिलमधलं हे जंगल मी बघितलं आहे, लपायला एक पान नसतं झाडांवर. महिनोन्‌महिने तो माणूस इंग्रजांच्या पलटणींना चकवत फिरला, आणि मला दर वेळी वाटतं की त्याला नाल्या-नाल्याची माहिती देणारी इथलीच माणसं असणार, सहरिया आदिवासी, लाकूडतोडे, गुराखी, ज्यांच्या डोक्यात सगळा नकाशा होता आणि कागदावर एक रेघ नव्हती.

आजोबांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ते म्हणायचे सगळ्या नकाशांची नाळ कल्याणपूरला पुरली आहे. लहानपणी मला ते कीर्तनातल्यासारखं काहीतरी वाटायचं. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं की शब्दशः खरं आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याने मद्रासजवळ जमिनीवर साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणावर त्रिकोण रचत माणसं उत्तरेला निघाली, टेकडीवरून टेकडी बघायची, कोन मोजायचा, पुढे जायचं. लॅम्बटन वाटेतच गेला, आपल्या हिंगणघाटला, १८२३ साली. मग जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं, आपल्या मध्य प्रदेशात सिरोंजजवळ परत जमिनीवर रेघ मोजली, आणि तिथलंच कल्याणपूर हे सगळ्या हिशोबाचं मूळ ठिकाण ठरलं. दिवसा ऊन इतकं की लांबची टेकडी थरथरताना दिसायची, म्हणून रात्री टेकड्यांवर दिवे लावून कोन घ्यायचे. दिवा धरून बसणारा खलाशी कोण होता त्याचं नाव कुठे नाही. तापाने किती माणसं मेली असतील त्या जंगलांत.

कल्याणपूरचा रेखांश आहे ७७ अंश ३९ मिनिटं. आणि शिवपुरीचा? ७७ अंश ३९ मिनिटं. दोघांमध्ये दीडशेक किलोमीटर सरळ उत्तर-दक्षिण. ज्या दिवशी मला हे लक्षात आलं त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले आणि नकाशाच्या वरच्या कडेवरचे आकडे परत तपासले, आणि मग आजोबांना सांगता येणार नाही म्हणून रडू आलं. त्यांना माहीत असणारच, पण मला माहीत झालं हे त्यांना सांगायचं होतं.

आता तळं. सख्यासागर आज अडीचशे हेक्टरला जरा कमी आहे, २४८, आणि एक चौरस मैल म्हणजे २५९ हेक्टर, म्हणजे आमच्या शीटवर ते आकार वेडावाकडा असला तरी सगळं मिळून साधारण एक चौरस इंच भरतं. तिकिटाएवढं निळं. कॉन्टूर येतात आणि काठाशी थांबतात, काठ म्हणजे स्वतःच एक कॉन्टूर आहे, पाणी जिथपर्यंत चढलं ती समान उंचीची रेघ. नाला ओलांडताना कॉन्टूरला जी चिमटी पडते, तिचं टोक नेहमी नाल्याच्या वरच्या अंगाला असतं, त्यावरून पाणी कुठून कुठे वाहतं ते कळतं. इथे त्या चिमट्या काठापर्यंत येतात आणि मध्येच कापल्या जातात. पुढे नुसता निळा.

हे निळं मी चाळीस वर्षं बघत आले आणि मला काही दिसलं नव्हतं. मागच्या वर्षी चष्म्याचा नंबर बदलला, नवं भिंग आणलं, दिव्याचं, आणि सहज तळ्यावर धरलं. निळ्यामध्ये पेन्सिल होती. इतकी बारीक की तिरप्या उजेडातच दिसायची, दोन समांतर रेघा, वळणं घेत गेलेल्या, एका काठाच्या चिमटीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत. मनियर नदी. धरणाच्या आधीची, जिच्या काठाने ते साखळी घेऊन चालले असतील. अंदाजाने काढलेली रेघ अशी नसते, अंदाजाची रेघ गुळगुळीत येते, या रेघेला एका ठिकाणी अचानक कोपर आहे आणि एका ठिकाणी पात्र रुंद होऊन परत अरुंद झालंय. आणि तीन ठिकाणी ठिपका, ठिपक्याशेजारी मोडीत काहीतरी लिहिलेलं, मुंगीच्या पायाएवढं.

मला मोडी येत नाही. आजोबा मोडीतच लिहायचे, दरबारचे कागद मोडीत, घरचा हिशोब मोडीत, आणि बाबांच्या पिढीत ती सुटली. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळ एक काका राहतात, ऐंशीच्या पुढचे, लोकांच्या जुन्या खरेदीखतांची मोडी वाचून देतात, त्यांच्याकडे मी मोबाईलवर फोटो मोठे करून घेऊन गेले. नकाशा नेला नाही. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरला, लांब धरला, मग कागदावर स्वतः तेच अक्षर दोन-तीनदा गिरवून बघितलं, हात तसा फिरवला की कळतं म्हणाले. पहिलं "उतार". नदी पायी ओलांडायची जागा, पात्र जिथे रुंद झालंय तिथेच तो ठिपका होता. दुसरं "आंबे". तिसऱ्याला वेळ लागला. "विहीर," म्हणाले, "आणि पुढे काहीतरी आहे, गोड की गोडी." मग हसून म्हणाले, "विहीर, गोड पाणी. दुसरं काय लिहिणार!"

मी तिथून निघाले आणि बाड्यावर आले आणि गाडी काढायची सोडून तशीच पायरीवर बसून राहिले, समोर टमटमचे हॉर्न, भाजीवाले, सगळं चालू. सतरा वर्षांचा मुलगा, घरापासून लांब, उन्हात साखळी ओढतोय, आणि त्याला ती विहीर आठवणीत राहते कारण तिचं पाणी गोड होतं. पुढे कितीतरी वर्षांनी हातात छापलेला नकाशा येतो आणि त्याच्यावर तिथे नुसता निळा रंग असतो. आमच्यापैकी कुणाला त्यांनी हे कधी दाखवलं नाही. रविवारी आम्ही काडी घेऊन सगळीकडे फिरायचो, तळ्यावर ते आम्हाला थांबू द्यायचे नाहीत असं काही मला आठवत नाही, पण तिथे मुद्दाम थांबवायचेही नाहीत.

ताईचा मुलगा सिव्हिल करतोय, त्याला मी सांगितलं तर त्याने एका रात्रीत बसून माझ्या स्कॅनला सॅटेलाईट फोटोवर बसवलं. पहिल्यांदा बसेना, सगळं शंभरेक मीटर सरकलेलं, तो म्हणे मावशी तुझा नकाशा चुकलाय. मी म्हटलं माझा नकाशा चुकलेला नाही, तू पृथ्वी कुठली घेतलीस ते बघ. जुन्या शीटा एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढल्यात, फोनमधला जीपीएस वेगळा आकार धरतो, दोघांचा मेळ घालावा लागतो. त्याने सेटिंग बदललं आणि धरणाची भिंत भिंतीवर बसली, रस्ता रस्त्यावर बसला, आणि तो जरा वेळ काही बोललाच नाही. हातांनी, दुर्बिणीने, प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर कागद ठेवून काढलेलं हे! सर्व्हेने २०१७ मध्ये आपल्या अडीचशेव्या वर्षी नवीन शीटा वेबसाईटवर फुकट डाउनलोड करायला दिल्या, त्या पण त्याने काढून बघितल्या, त्याही चांगल्या आहेत, पण पेन्सिल एकाच शीटवर आहे.

फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो. आग्रा-मुंबई रोडने मोहना, मग सतनवाडा, गाडी तो चालवत होता आणि मी मांडीवर मूळ नकाशा घेऊन, हो, मूळच, प्लास्टिकच्या पिशवीत. मार्च २०२३ मध्ये इथे वाघ परत आणून सोडलेत आणि २०२५ च्या मार्चमध्ये माधव टायगर रिझर्व्ह झालं, देशातलं ५८ वं. तळं २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. गेटवर ही सगळी पाटीवरची माहिती तो वाचत होता आणि मला आनंद होत होता, मनापासून, कारण हे जंगल शिकारीचं राखीव म्हणून वाचलं आणि आता वाघासाठी वाचतंय. जॉर्ज कॅसलवर आधी गेलो. १९११ च्या दौऱ्यात राजा पंचम जॉर्जला राहायला म्हणून बांधलेलं, तो थांबलाच नाही असं सांगतात. पार्कातली सगळ्यात उंच जागा, ४८४ मीटर, तिथून खाली तळं अख्खं दिसतं. मी नकाशा भिंतीवर ठेवून दिशा जुळवली आणि विहिरीच्या ठिपक्यावर कंपासने कोन घेतला. मग खाली सेलिंग क्लबच्या जुन्या इमारतीपाशी जाऊन दुसरा कोन. दोन रेघा जिथे कापतात ती जागा. लॅम्बटनपासून सगळ्यांनी हेच केलं, टेकडीवरून बघायचं आणि कोन लिहून ठेवायचा, माझ्या हातून पहिल्यांदाच झालं आणि हात थरथरत होता त्यामुळे तीनदा घेतला.

जागा काठापासून बरीच आत निघाली. पाण्यावर जलकुंभीचा, म्हणजे आपल्या जलपर्णीचा, एक मोठा हिरवा तुकडा तरंगत होता, त्याच्या कडेला पाणकावळे, आणि अलीकडच्या दगडावर मगर तोंड उघडून पडलेली. ही जलकुंभी काढावी लागते सारखी, गावाचं सांडपाणी येतं म्हणून ती वाढते, आणि ते थांबवल्याशिवाय कितीही काढली तरी परत येणार, हे तिथला कुणीही माणूस सांगेल. गोड पाण्याच्या विहिरीवर ते पाणी आहे आता. मला ते बघवत नव्हतं खरं सांगायचं तर.

तिथल्या नाववाल्या दादांना विचारलं, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर त्या बाजूला काही दिसतं का, दगडी बांधकाम वगैरे. त्यांनी मी दाखवलं तिकडे नीट बघितलं, मग म्हणाले, "वहाँ तो मई में भी पानी रहता है दीदी. गहरा है वहाँ." मग त्यांनी विचारलं काय आहे तिथे, मी म्हटलं कुआँ था, मीठे पानी का. ते म्हणाले, "अच्छा?" आणि परत एकदा तिकडे बघितलं, आणि मग शेजारच्या माणसाला हाक मारून त्यालाही सांगितलं, वहाँ कुआँ था, मीठे पानी का.

वारा सुटला होता. भाच्याने गाडीच्या बॉनेटवर दोन कोपरे धरले आणि तो आडवी घडी घालायला लागला, मी म्हटलं थांब, आधी उभी मधली.